काही सेकंदांचा उपचार, अनेक आठवड्यांची शुश्रूषा

मराठवाड्यातील एका बाजारपेठेत भुसार मालाची पिढीजात अडत. घरातील सर्वांत ज्येष्ठ म्हणजे बाबूजी, वय ७२. चाळीस वर्षांहून अधिक काळ पेढीची गादी त्यांनी सांभाळली, कोणाचा पैसा कधी बुडविला नाही. गेल्या दिवाळीनंतर मात्र त्यांचे बोलणे हळूहळू कमी झाले आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केले, की दुकानाचे दिवाळे निघाले आहे. मुलाने ताळेबंद पुढे ठेवला, लेखापरीक्षकांनी घरी येऊन आकडे समजावले, पासबुके वाचून दाखविली. बाबूजींचे उत्तर एकच, "तुम्ही सारे माझ्यापासून लपवता आहात." पुढे त्यांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. "मी जेवलो तर नातवंडांना काय उरणार?" असे ते म्हणत. दोन महिन्यांत अंगावरचे कपडे सैल झाले, दाढी वाढली, रात्री तीन वाजता उठून ते भिंतीकडे पाहत बसू लागले. भेटायला येणारे हात जोडून म्हणत, "बाबूजींना वैराग्य आले."

हा प्रसंग प्रातिनिधिक आहे. तपशील बदलून तो कोणत्याही व्यापारी कुटुंबात घडू शकतो. सर्वस्व बुडाल्याचा असा अढळ भ्रम वृद्धापकाळातील तीव्र नैराश्यात अनेकदा आढळतो. शेतकऱ्याला पीक जळाल्याचा, गृहिणीला कोठार रिकामे झाल्याचा आणि व्यापाऱ्याला दिवाळे निघाल्याचा भास होतो. कोणी आपली आतडी सडली आहेत असे सांगतो, तर कोणी आपल्या हातून अक्षम्य पाप घडले असे मानतो. ताळेबंद दाखवून हा भ्रम जात नाही, कारण चूक हिशेबात नसते. हिशेब पाहणारे मनच आजारी असते.

वैराग्य आणि आजार

जैन घरांत अन्नत्यागाला मोठा मान आहे. त्यामुळेच येथे एक धोका संभवतो. वृद्ध व्यक्तीने अन्न नाकारले, की त्यामागे त्यागभावना असेल असे घरच्यांना वाटते आणि मोलाचे आठवडे निघून जातात. वास्तविक दोन्हींतील फरक स्पष्ट आहे. व्रत घेणारा जाणीवपूर्वक, शांत चित्ताने आणि गुरूंच्या अनुज्ञेने ते घेतो. त्याच्या मनात कोणाविषयी भय किंवा स्वतःविषयी घृणा नसते. तीव्र नैराश्यातील वृद्ध मात्र भीतीपोटी, अपराधी भावनेपोटी किंवा जगणे नकोसे झाल्यामुळे घास नाकारतो. त्याला सामायिकातही चैन पडत नाही, नातवंड जवळ आले तरी चेहरा खुलत नाही, पहाटे लवकर जाग येते आणि सकाळचा प्रहर सर्वांत वाईट जातो. काही वृद्ध तर तासन्‌तास निश्चल बसून राहतात. अशा वेळी गुरुमहाराजांच्या दर्शनाबरोबरच मनोविकारतज्ज्ञांचीही भेट घेतली पाहिजे.

वृद्ध शरीराला थांबायला फार वेळ नसतो. अन्नपाणी तुटले की काही दिवसांतच मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते, पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात आणि पायातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची भीती असते. नैराश्यावरील औषधांचा पुरेसा गुण दिसायला बहुधा काही आठवडे लागतात. हे आठवडे रुग्णाच्या हाती नसतील, आत्महत्येचा विचार प्रबळ असेल, बाबूजींसारखा भ्रम असेल किंवा औषधे निष्फळ ठरली असतील, तर डॉक्टर विद्युत-आक्षेप उपचार सुचवितात. सर्वसामान्य लोक त्याला 'शॉक' म्हणतात. हा शब्द ऐकताच घरात दोन भीती एकदम शिरतात. एक रुग्णाच्या जिवाची आणि दुसरी लोक काय म्हणतील याची.

जुनी भीती आणि आजची पद्धत

हा उपचार १९३८ साली रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचियो बिनी या दोन डॉक्टरांनी प्रथम केला. आरंभीच्या काळात तो भूल न देता होत असे. स्नायूंना येणाऱ्या जोरदार आचक्यांमुळे हाडे मोडण्याचेही प्रकार घडत. चित्रपटांनी हेच दृश्य लोकांच्या मनावर ठसविले. पुढे भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांची जोड मिळाली आणि उपचाराचे स्वरूप पालटले. भारतात तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायुशिथिलकाविना हा उपचार देण्यास बंदी घातली आहे. तातडीचा उपचार म्हणून, संमतीची प्रक्रिया डावलून, तो देता येत नाही. रुग्ण समजून निर्णय घेण्यास समर्थ असेल तर संमती त्याचीच लागते. तो समर्थ नसेल तर कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचे साहाय्य घेतले जाते. संमतिपत्र पूर्ण वाचल्याविना, शंका विचारल्याविना त्यावर सही करू नये, हा व्यवहारातील साधा नियम येथेही लागू आहे.

उपचाराची धोक्याची बाजूही आकड्यांत पाहावी. अनेक देशांतील नोंदी एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार एक लाख उपचारांमागे मृत्यूचे प्रमाण सुमारे दोन आहे. लहान शस्त्रक्रियेसाठी भूल देताना जितकी जोखीम असते, साधारण तितकीच ही जोखीम होय. गुणाच्या बाजूने पाहता, अमेरिकेत ६० वर्षांवरील २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० पैकी सुमारे ६२ रुग्णांची लक्षणे जवळजवळ पूर्ण मावळली. त्यांना उपचाराच्या जोडीला एक औषधही चालू होते. ज्या वयात बाकीचे उपचार जपून करावे लागतात, त्या वयात हा उपचार उलट चांगला लागू पडतो, असा अनुभव आहे.

परंतु हे यश केवळ यंत्राचे नसते. विजेचा प्रवाह काही सेकंदच वाहतो. त्याच्या आधीचे चौदा-पंधरा तास आणि नंतरचे अनेक आठवडे वृद्ध रुग्ण सुखरूप राहतो तो परिचारिकांच्या शुश्रूषेमुळे आणि घरच्यांच्या सहकार्यामुळे. या दोहोंमधील दुवा म्हणजे खरी माहिती. घरचे लोक परिचारिकेपासून जितके कमी लपवितील, तितका उपचार सुरक्षित होतो.

आदल्या संध्याकाळपासून

उपचार ठरला की रक्ततपासणी, हृदयाचा आलेख, गरजेनुसार छातीची किंवा मणक्याची क्ष-किरण तपासणी होते. भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतात. परिचारिका मात्र असे प्रश्न विचारते, की ते घरच्यांना कधी कधी क्षुल्लक वाटतात. आजोबा किती दिवसांपासून अंथरुणाला खिळून आहेत? एखादा दात हलतो का? झोपेची गोळी घेतात का? गावातील वैद्यांचे काही औषध चालू आहे का? पूर्वी कधी पडले होते का?

यातील प्रत्येक प्रश्नाला कारण आहे. दीर्घकाळ हालचाल बंद असलेल्या रुग्णाला नेहमीचे स्नायुशिथिलक दिल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक रीतीने वाढू शकते. हे आधी समजले तर भूलतज्ज्ञ औषध बदलतात. हलणारा दात निसटून श्वासमार्गात जाऊ शकतो. झोपेच्या अनेक गोळ्या मेंदूतील आकडी दाबून टाकतात, त्यामुळे उपचाराचा गुण कमी होतो. रात्री आजोबा स्वस्थ झोपावेत म्हणून सुनेने प्रेमाने उशाशी ठेवलेली गोळी अशा रीतीने उपचारावर पाणी फिरवू शकते. रक्त पातळ करणारे औषध, हृदयातील पेसमेकर, काचबिंदू, दमा, हाडांची ठिसूळता यांपैकी काहीही असेल तर ते न विचारताही सांगावे.

जैन कुटुंबांसाठी उपाशीपोटी राहण्याचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे हवे. घन पदार्थ किमान सहा ते आठ तास आधी थांबवितात, तर साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. पोटात अन्न असल्यास भूल चढताना ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. उपवासाची सवय असलेल्या घरात ही अट सोपी वाटते. अडचण उलट बाजूने येते. हिवाळ्यात चौविहार करणारे बाबूजी संध्याकाळी पावणेसहाला शेवटचे पाणी पितात. सकाळी नवकारशी येईतो पावणेआठ-आठ वाजतात आणि नऊला उपचार असेल तर तोवर पाणी बंद झालेले असते. म्हणजे पंधरा तासांहून अधिक काळ पाण्याचा थेंब नाही. आधीच खंगलेल्या, कदाचित मधुमेह असलेल्या वृद्धाच्या बाबतीत यामुळे रक्तातील साखर उतरू शकते, शिरा सापडेनाशा होतात, रक्तदाब घसरतो.

हा नियम परिचारिकेला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा. तिला माहीत असेल तर ती त्या दिवशीच्या यादीत बाबूजींचा क्रमांक पहिला लावण्यास सुचविते, पहाटे साखर तपासते, गरज पडल्यास सलाईनची सोय करविते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या त्या दिवशीही पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाच्या असतात आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन बहुधा थांबवावयाचे असते. हा निर्णय भूलतज्ज्ञांचा. पच्चक्खाणामध्येच आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात. म्हणून उपचारांचे सत्र सुरू होण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. वृद्ध व्यक्तीला नियम मोडल्याची टोचणी लागणार नाही आणि गोळीही चुकणार नाही. अपराधी भावनेने आधीच ग्रासलेल्या मनावर आणखी एक ओझे न टाकणे, हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

याच्या उलट चूकही घडते. पहाटे आजोबांनी मागितला म्हणून कोणी चहा किंवा दूध देतो आणि नंतर भीतीने गप्प बसतो. येथे मौन जिवावर बेतू शकते. चुकून काही दिले गेले तर ते परिचारिकेला तत्काळ सांगावे. फार तर त्या दिवशीचा उपचार पुढे ढकलला जाईल.

उपचाराच्या खोलीत

सकाळी परिचारिका ओळख पटवून घेते, संमतिपत्र तपासते, नाडी, रक्तदाब, तापमान आणि श्वास यांची नोंद करते. लघवीला जाऊन यायला सांगते, कारण आकडीच्या वेळी मूत्राशय भरलेले असू नये. अंगठ्या, साखळी, केसांतील पिना काढून घरच्यांच्या स्वाधीन करते. कवळी काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवते. चष्मा आणि श्रवणयंत्र मात्र शक्य तितक्या उशिरा काढते. ज्याला ऐकू येत नाही आणि नीट दिसत नाही, अशा वृद्धाला अनोळखी खोलीत नेले तर त्याची भीती दुणावते, हे तिला ठाऊक असते.

खोलीत मनोविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका असतात. शिरेतून भूल दिली जाते, पाठोपाठ स्नायुशिथिलक. त्याआधी एका पायावर किंवा हातावर रक्तदाबाची पट्टी घट्ट फुगवितात, म्हणजे स्नायुशिथिलक त्या भागात पोहोचत नाही आणि आकडी आल्याचे तेथील हालचालीवरून डोळ्यांना दिसते. मेंदूतील लहरींचा आलेखही चालू असतो. दातांमध्ये मऊ रबराचा ठोकळा बसवितात, कारण स्नायू शिथिल असले तरी प्रवाहामुळे जबडा थेट आवळला जातो. प्राणवायू दिला जातो. मग कपाळाच्या दोन बाजूंनी, किंवा विस्मरण कमी व्हावे म्हणून केवळ उजव्या बाजूने, मोजून मापून प्रवाह सोडतात. वयाबरोबर आकडी येण्यास लागणारी मात्रा वाढते, म्हणून ती प्रत्येक रुग्णासाठी वेगळी ठरवावी लागते. आकडी साधारण २० ते ६० सेकंद टिकते. पाहणाऱ्याला पायाच्या बोटांची हालचाल तेवढी दिसते. रुग्ण गाढ भुलेत असतो, त्याला वेदना कळत नाही.

या अवधीत नाडी प्रथम मंदावू शकते आणि लगेच वेगाने वाढते, रक्तदाबही चढतो. तरुण हृदय हे सहज पेलते. सत्तरीच्या हृदयाकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. म्हणून आकडी किती सेकंद टिकली, नाडी कितीवर गेली, केव्हा खाली आली याची परिचारिका बारकाईने नोंद करते. पुढच्या खेपेची मात्रा आणि औषधे ठरविताना याच नोंदी कामी येतात.

शुद्धीवर येताना

उपचारानंतरचा अर्धा-पाऊण तास नर्सिंगच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा असतो. रुग्णाला कुशीवर वळवितात, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासमार्गात जात नाही. प्राणवायूचे प्रमाण, नाडी आणि रक्तदाब काही मिनिटांच्या अंतराने पाहतात. पलंगाचे कठडे वर केलेले असतात.

वृद्ध डोळे उघडतो तेव्हा आपण कोठे आहोत हे त्याला कळत नाही. कोणी उठून पळू पाहतो, कोणी सलाईनची नळी ओढतो, कोणी रडतो. अशा वेळी पाच जणांनी भोवती गोळा होऊन "आम्हाला ओळखलंत का?" असे विचारणे म्हणजे त्याची परीक्षा घेण्यासारखे होते. अनुभवी परिचारिका मंद प्रकाशात, एकाच आवाजात, छोट्या वाक्यांत बोलते. "आजोबा, तुम्ही रुग्णालयात आहात. उपचार झाला. मी सिस्टर. तुमचा मुलगा बाहेर बसला आहे." हीच वाक्ये ती आठ-दहा वेळा न कंटाळता सांगते. चष्मा डोळ्यांवर चढविते, श्रवणयंत्र कानात बसविते. मग हळूच विचारते, आपले नाव काय, जन्म कधीचा, हे ठिकाण कोणते, आज वार कोणता. उत्तरे नीट येण्यास किती मिनिटे लागली याची नोंद ती करते. ही वेळ प्रत्येक खेपेस वाढत असेल तर डॉक्टर आठवड्यातील उपचारांची संख्या किंवा प्रवाहाची पद्धत बदलतात.

पाणी किंवा चहा देण्यापूर्वी रुग्ण पूर्ण जागा आहे आणि नीट गिळू शकतो याची खात्री करावी लागते. बाबूजी पंधरा तासांचे उपाशी असले, तरी घरच्यांनी घाईने पेला ओठांना लावू नये. परिचारिकेने हो म्हटल्यावर प्रथम घोटभर पाणी, मग हलका आहार द्यावा. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असल्यास रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला आधीच कळवावे. ताट पाहून रुग्णाने ते परत पाठविले तर आहार नाकारण्याचे कारण नियम आहे की आजार, हे परिचारिकेला समजणार नाही आणि नोंद चुकेल.

त्या दिवशी डोके दुखणे, अंग ठणकणे, मळमळणे हे नेहमीचे आहे आणि साध्या औषधाने शमते. खरा धोका पडण्याचा असतो. पहिल्यांदा उठताना कोणीतरी हात धरलाच पाहिजे. आधी पाय खाली सोडून बसवावे, मग उभे करावे. ठिसूळ हाडांच्या वृद्धाचा खुबा मोडला, तर मनाचा आजार बरा होत असतानाच शरीर अंथरुणाला खिळते.

विस्मरणाचा जमाखर्च

उपचार साधारणपणे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा आणि एकूण सहा ते बारा वेळा केला जातो. या काळात विस्मरण होते, ही गोष्ट कोणीही लपवू नये. नवे काही लक्षात न राहणे बहुधा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत सुधारते. उपचारांच्या दिवसांतील आणि त्यापूर्वीच्या काही महिन्यांतील काही आठवणी मात्र पुसट होतात. त्यातील काही परत येतात, काही येत नाहीत. तीव्र नैराश्यानेही स्मरणशक्ती आधीच मंदावलेली असते, म्हणून पहिल्या उपचारापूर्वीच तिची साधी चाचणी करून ठेवतात आणि पुढे तुलना करतात.

घरच्यांनी एक वही ठेवावी. रोजची तारीख, कोण भेटायला आले, काय जेवले, किती झोप झाली, काय बोलले, एवढे लिहावे. बाबूजींना आठवले नाही तर चिडवू नये, वही वाचून दाखवावी. ही वही परिचारिकेलाही उपयोगी पडते.

व्यापारी घरात विस्मरणाला आर्थिक बाजूही असते. उपचारांचे सत्र चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तोवर बाबूजींनी धनादेशावर सही करू नये, जामीन राहू नये, नवा सौदा ठरवू नये आणि वाहनही चालवू नये. भागीदारीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांना तर हातही लावू नये. मृत्युपत्र करणाऱ्याचे चित्त ठिकाणावर असणे कायद्याला आवश्यक वाटते. या दिवसांतील दस्त पुढे वादाचे मूळ ठरतो. आजारपणाची संधी साधून एखाद्या भावाने पुढे सरकविलेला कागद परिचारिकेच्या दृष्टीला पडला, तर ती तो थांबविते. तो तिचा आगाऊपणा समजू नये. रोजच्या व्यवहारासाठी संयुक्त खाते किंवा अधिकारपत्र यांची सोय शहाणपणाने आधीच करून ठेवलेली असावी. आणखी एक गोष्ट. २०१७ च्या त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे. लाजेपोटी दाव्यावर दुसऱ्याच आजाराचे नाव घालणारे कुटुंब स्वतःचा हक्क गमावते आणि दावाही धोक्यात आणते.

घरी परतल्यावर

सुधारणा बहुधा रुग्णाच्या आधी इतरांना दिसते. बाबूजी "काही फरक नाही" असेच म्हणत असतात, तेव्हा परिचारिकेच्या नोंदीत मात्र झोप दीड तासाने वाढलेली असते, अर्धी पोळी एक झालेली असते, दाढी करण्यासाठी आरसा मागितलेला असतो. त्यांचे म्हणणे खोडून न काढता हा फरक नोंदीतून दाखविता येतो.

या वळणावर एक सावधगिरी हवी. मनातील निराशा पूर्ण जाण्याआधी अंगात शक्ती परत येऊ शकते. पूर्वी जे करण्याचे त्राण नव्हते, ते करण्याचे बळ आलेले असते. म्हणून आजोबा चालू-फिरू लागले की पहारा उठविण्याची घाई करू नये. कीटकनाशके, दोर, औषधांचा साठा हाताशी नसावा. "जगण्याचा कंटाळा येतो का?" असे प्रेमाने विचारल्याने विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते. तशी वेळ आल्यास शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.

बरे वाटले की औषधे बंद करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, या उपचाराने बरे झाल्यावर ज्यांना औषधाविना केवळ दिसायला तशी गोळी देण्यात आली, त्यांतील १०० पैकी ८४ जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३९ होते. म्हणून पुढील औषधे किंवा काहींच्या बाबतीत आठवड्याने, पंधरवड्याने, मग महिन्याने दिला जाणारा पुढील उपचार चुकवू नये. गोळ्यांची वेळ चौविहारात बसत नसेल तर ती स्वतःच्या मनाने गाळण्याऐवजी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. पर्युषणात मोठी तपश्चर्या करण्याची इच्छा झाली तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाणी कमी पडल्याने लिथियमसारखे औषध शरीरात घातक प्रमाणात साचू शकते.

राहिला प्रश्न लोक काय म्हणतील याचा. नातीचे लग्न ठरायचे आहे, बाजारात पत आहे, म्हणून आजार झाकला जातो. गावाला काय सांगावे हा प्रत्येक कुटुंबाचा अधिकार आहे. परंतु झाकण्याची ही सवय रुग्णालयाच्या दारातून आत आली, तर परिचारिकेलाही अर्धीच माहिती मिळते आणि त्याची किंमत वृद्ध माणूस मोजतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर जे घर अभिमानाने सांगते की बाबूजी त्यातून सुखरूप बाहेर आले, त्याच घराला हेही त्याच स्वरात सांगता आले पाहिजे.

पाचव्या उपचारानंतरच्या दुपारी अशा एखाद्या बाबूजींनी चष्मा पुसता पुसता विचारावे, "सिस्टर, तुरीला आज काय भाव निघाला?" परिचारिकेला भाव ठाऊक नसतो. ती बाहेर बसलेल्या मुलाला आत बोलाविते आणि त्या दिवसाच्या नोंदीत लिहिते : रुग्णाने स्वतःहून व्यवसायाची चौकशी केली, संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी दोन पोळ्या खाल्ल्या.